नक्कल चालू आहे

रेडिओ केंद्राच्या तळघरात पंख्यांची घरघर कधी थांबत नसे. तिथल्या संगणकांवर ताईचं राज्य. पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. आता हयात नसलेल्या कितीतरी माणसांचे आवाज तिच्या ताब्यात होते, आणि त्या आवाजांची रोज दुसरीकडे प्रत काढणारा एक प्रोग्राम होता. त्याचं नाव 'नक्कल'.

नाव दादाने ठेवलेलं. दादा म्हणजे तिचा मावसभाऊ. त्यानेच तिला इथे चिकटवलं, हाताला धरून शिकवलं, आणि बढती मिळाल्यावर वरच्या मजल्यावर गेला. नक्कल जिवंत आहे का हे बघायची संगणकावरची आज्ञाही त्यानेच लिहिलेली. चालू असलेल्या प्रोग्रामांत 'नक्कल' हा शब्द शोधायचा; सापडला की पडद्यावर उमटायचं, 'नक्कल चालू आहे'. ताई सकाळी आल्या आल्या, खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता ते बघायची आणि वर फोन करायची.

"दादा, नक्कल चालू आहे."

"शाब्बास," तो म्हणायचा. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. वेडीच होती.

घरी आई विचारायची, "दादा बोलला का गं? माझी चौकशी केली का?"

"केली की," म्हणत ताई भाजी चिरायला घ्यायची.

आणि एक दिवस मुख्य डिस्क मेली. ताई घाबरली नाही. नक्कल आहे ना! तिने प्रत उघडली तर ती कितीतरी जुनी. कधीतरी वीज गेली तेव्हाच नक्कलने मान टाकली होती. त्यानंतरचे सगळे आवाज गेले. पडदा मात्र आजही छातीठोकपणे सांगत होता, 'नक्कल चालू आहे'.

बैठकीत दादाने तिच्याकडे पाहिलंही नाही. "आज्ञा मी लिहून दिली होती. लक्ष ठेवणं ताईचं काम होतं," म्हणून मोकळा झाला. साहेबांनी तळघराची किल्ली मागून घेतली. जाण्यापूर्वी वरच्या मजल्यावर दादाच्या संगणकावर काही आवाज उरलेत का, तेवढं बघायला सांगितलं.

आवाज नव्हते. दादाची तीच आज्ञा मात्र तिथेही होती. फरक एवढाच की शोधायच्या शब्दाच्या पहिल्या अक्षराभोवती चौकोनी कंस होता. त्या इवल्याशा कंसाने ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शोधणारी आज्ञाही शोधताना एक चालू प्रोग्रामच असते, आणि तिच्या पोटात 'नक्कल' हा शब्द असतोच. खाली रोज सापडत होता तो शोधच, स्वतःला. कंस घातला की आज्ञेत '[न]क्कल' असं लिहिलेलं राहतं, शोध मात्र 'नक्कल'चाच होतो, म्हणून ती स्वतःला सापडत नाही. आणि शेजारची तारीख सांगत होती, हा कंस दादाने वर गेल्या गेल्याच घातला होता.

"तुला माहीत होतं," ती दादाच्या खोलीत जाऊन म्हणाली. "मग रोज शाब्बास कशाला म्हणायचास?"

दादाने दार लोटून घेतलं. "अगं, नवी खुर्ची होती. माझी चूक मीच सांगत सुटू? आणि तू काय परकी आहेस? घेशील सांभाळून."

परका असता तर तिने मजला डोक्यावर घेतला असता. आपल्याच माणसाने केसाने गळा कापल्यावर ओरडायचं तरी कुणापाशी? ती जिन्यावर बसून पोटभर रडली आणि घरी गेली.

"दादा बोलला का गं?" आईने विचारलं. "माझी चौकशी केली?"

ताईने सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग आईचा हात हातात घेतला.

"नाही गं आई. एकदाही केली नाही. रोज मीच सांगायचे."