"वेळ लागते, ताई"

कारंज्यात आमचं तबले-ढोलक्या दुरुस्त करायचं दुकान आहे. अब्बांचा हात अजून पक्का आहे, पण गिऱ्हाईक कमी झालं, म्हणून दुकानाची वेबसाइट करायचं मी ठरवलं. वाशीमच्या एका माणसानं ती करून दिली. देताना म्हणाला, "नवी साइट शोधात लगेच येत नाही. काही दिवस लागतात, कधी काही आठवडे."

ते खरंच आहे, मीही वाचलं होतं. म्हणून थांबले.

अब्बा मात्र रोज सकाळी चहा झाला की मोबाइलमध्ये बोलायचे, "कारंजा, तबला रिपेर." दुसऱ्याच गावांची दुकानं यायची.

"बेटा, आपलं काहून दिसून नाई राह्यलं?"

"वेळ लागते, अब्बा."

शेजारचा बांगडीवाला हसून म्हणायचा, "चाचा, रस्त्यावरून दिसते ना, तितलं पुरे." मग तो आला की अब्बा मोबाइल खिशात सरकवायला लागले. ते पाहिलं की माझं डोकं तापायचं.

पूर्ण पत्ता टाकला की साइट उघडायची, नावानं शोधलं की काहीच नाही. वाशीमच्या माणसाला फोन केला की त्याचं ठरलेलं उत्तर, "धीर धरा, ताई." गणपती गेले, नवरात्र गेलं. ढोलक्यांचा खरा हंगाम हातचा गेला. मग मी बस पकडून थेट वाशीमला त्याच्या ऑफिसात जाऊन बसले.

"हे आपल्या हातात नसते, ताई," तो मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला.

"तुमच्या हातात काय असते ते दाखवा. स्क्रीन इकडं फिरवा."

नाइलाजानं त्यानं साइटच्या सेटिंग उघडल्या. एका चौकटीत बरोबरची खूण होती. शेजारी इंग्रजीत लिहिलं होतं, ही साइट शोधात दाखवू नका.

"हे काय आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "काम चालू असताना लावतो आम्ही. काढायचं राहून गेलं. लहानशी गोष्ट आहे."

"म्हणजे आमी जन्मभर थांबलो असतो तरी दिसली नसती?"

त्यानं खूण काढली आणि म्हणाला, "आता थोडा वेळ लागेल."

चूक कुणाकडूनही होते. पण इतक्या फोनांत एकदाही उघडून पाहावंसं वाटलं नाही त्याला? न पाहताच मला धीर शिकवत होता, आणि तोच मी घरी अब्बांना शिकवत होते.

घरी येऊन सगळं सांगितलं. अब्बा म्हणाले, "मी न वाजवता तबला देला असता, तं गिऱ्हाइकानं तो माह्या डोक्यात हानला असता."

काही आठवड्यांनी साइट दिसायला लागली. अकोल्याहून एकाचा फोन आला, अब्बा त्याच्याशी खूप वेळ बोलले. हंगाम मात्र परत आला नाही.

परवा वाशीमच्या त्या माणसानंही फोन केला. "ताई, आमच्या कामाबद्दल दोन शब्द लिहा ना ऑनलाइन."

"लिहीन," मी म्हटलं. "जसं झालं तसंच लिहीन."

"मग राहू द्या," म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

मी त्याच संध्याकाळी लिहिलं.