कॅमेऱ्यामागे कोण बसणार?

मंडळी, आज शेवटी कॅमेरा घेतला!

बारावीनंतर पुढे काय, हे बुरहानपूरजवळच्या शाहपुरच्या मुलींना मराठीतून सांगणारे व्हिडिओ करायचे आहेत. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिलीच. मला तेव्हा सांगायला कोणी नव्हतं.

बुरहानपुरातल्या लालबागच्या दुकानात माझ्या बजेटमध्ये दोनच सेकंडहँड वस्तू बसत होत्या, एक डीएसएलआर आणि एक कॅमकॉर्डर. मन डीएसएलआरवर होतं. चित्र किती सुंदर येतं त्यात!

दुकानदारकाकांनी विचारलं, "बेटा, शूट कौन करेगा?"

"मीच."

"और सामने कौन बैठेगा?"

"तीपण मीच, काका."

ते हसले. "फिर ये कॅमकॉर्डर लो. इसका स्क्रीन घूमता है, खुद को देख सकोगी." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. त्यात मी एकटीच होते. मी कॅमकॉर्डर घेतला.

घरी दार लावून पहिला व्हिडिओ केला. बाहेर आले तर आई म्हणाली, "एवढा वेळ कोणाशी बोलत होती गं?"

मी हातातला कॅमकॉर्डर दाखवला.

बुरहानपुरात अशी कोणी आहे का, जी एखाद्या रविवारी कॅमेऱ्यामागे येऊन बसेल? स्क्रीन मग तिच्याकडेच वळवून ठेवेन.