देव तिसऱ्या मजल्यावर

माझी नात नागपुरात बाराव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीत उभी राहिले की ती हसते, "आजी, किती वेळ पाहशील?" तिला काय सांगू! छिंदवाड्याकडच्या आमच्या सौंसरात पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावरून खाली पाहिलं, तेव्हा माझा जो आ वासला तो अजून मिटलेला नाही.

तेव्हा सौंसरात माडी म्हणजे नवलच. सारं गाव जमिनीला चिकटून. जागा कमी पडली की बाजूला खोली काढायची, मग तिच्या बाजूला आणखी एक. गाव पसरत जायचं आणि संत्र्याचे बगीचे मागं सरकायचे. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

मग राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर आमच्या राज्यातून गेलं, आम्ही मात्र इकडेच राहिलो. काका नागपूरच्या सरकारी कचेरीत होते. त्यांची बदली छिंदवाड्याला झाली आणि काकू, पोरं, ट्रंका असं सगळं बिऱ्हाड आमच्या दारात उतरलं. बाबा शाळामास्तर, घर आधीच ठासून भरलेलं. दोन दिवसांतच काका म्हणाले, "मागचा बगीचा तोडू. माझं घर आरामात होऊन जाईल."

तो बगीचा मोठ्या आईचा होता. मोठी आई म्हणजे माझ्या बाबांची थोरली वहिनी. तिनं आणि मोठ्या बाबांनी मिळून संत्र्याची ती कलमं लावली होती. विहिरीवरून घागरी आणून आणून तिनं ती जगवली. पुढं मोठे बाबा गेले, लेकरू नव्हतंच. सकाळी चहा झाला की ती बगीच्यात जायची आणि एकेका झाडाला हात लावून यायची. गुडघे धरलेले होते, तरी खाडा नाही.

काकांचं बोलणं ऐकून ती रडली नाही, भांडली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "भाऊजी, बाजूला काऊन पाहून राहिले? वर पहा ना. वरची जागा कोणाची हाय?"

आम्ही सगळ्यांनी खरंच वर पाहिलं. निळं आभाळ, बाकी काही नाही. एवढी जागा डोक्यावर रिकामी पडली आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं!

काका हसले, पण बाबांना पटलं. बगीच्यापुढचं आमचं जुनं घर पाडून तिथंच एक माडी चढवायची, खाली काका, वर आम्ही, असं ठरलं. फक्त देवघराला हात लावायचा नाही. कुळाचे देव बसल्या जागेवरून हलवले की घर फुटतं, असं आमच्याकडे मानत. म्हणून देवघर मध्ये ठेवून गवंड्यानं चारी बाजूंनी पाया खणला. आमची माती काळी, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात तडकणारी. खाली मुरूम लागेपर्यंत खणणं चाललं. भिंती उठल्या, सागाच्या तुळया चढल्या, फळ्या ठोकल्या. आणि एका सकाळी काकू अंगणात उभी राहून किंचाळलीच, "अवो, देवाच्या डोक्यावर पाय पडतीन ना आपले!"

झालं! जन्मात कोणी माडीवर राहिलंच नव्हतं, तर सुचणार कसं? काम थांबलं. देव हलवता येत नाहीत आणि देवांवरून चालताही येत नाही. काकांनी झाडं तोडणाऱ्यांना सांगावा धाडला.

ते कुऱ्हाडी घेऊन आले त्या सकाळी मोठी आई न्हाऊन, ओल्या केसांनी देवघरात गेली. देव पदरात घेतले, पदर कमरेला घट्ट खोचला आणि बांबूची शिडी चढू लागली. दाराची चौकट धरल्याशिवाय ज्या बाईला उठता येत नसे, ती! मी धावत जाऊन शिडी धरली. वर पोचून तिनं देव बरोबर देवघरावरच्या फळ्यांवर मांडले आणि ओरडून सांगितलं, "यावर आणखी एक, तिसरा मजला चढवा. देव तिथं राहतीन. त्याइच्यावर कोणाचे पाय येते? अन् घर फुटू नये म्हणून देवापाशी मी राहीन."

"वहिनी, गुडघे तुमचे... चढाल कशा रोज?" काका कसेबसे म्हणाले.

"रोज काऊन? एकदाच चढीन."

बाबांनी गवंड्याला बोलावलं. कुऱ्हाडवाले चहा पिऊन परत गेले.

घर पुरं झालं तेव्हा आंबिया बहर होता, झाडं पांढऱ्या फुलांनी लदलेली. एकेका पायरीवर टेकत, माझ्या खांद्यावर भार देत मोठी आई तिसऱ्या मजल्यावर आली आणि तिनं मागची खिडकी उघडली. खाली अख्खा बगीचा! त्यापलीकडं कपाशीची रिकामी वावरं आणि पार टोकाला सातपुडा. वास तर नुसता अंगावर येत होता.

"मायबाई! इतकं होय हे?" ती म्हणाली. झाडन् झाड तिच्या हाताखालचं, पण सगळं मिळून तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर ती खाली उतरली नाही. खिडकीतूनच तिचा कारभार चालायचा, "अरे, त्या कोपऱ्यातल्या झाडाले पाणी सोडा, पानं वळून राहिली!"

एकदा मी विचारलं, "मोठी आई, बगीच्यात जावंसं वाटत नाही तुला?"

"वाटते ना. रोज वाटते. पण मी खाली राहिली असती त बगीचा राहिला असता काय?" मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जाय, चपला काढून जरा हिंडून ये. मी पाहीन इथून."

मी गेले. माती गार होती. वर पाहिलं तर ती खिडकीत वाकून हातानं खुणावत होती, त्या झाडाला हात लाव, आता पुढच्या, आता त्याच्या पुढच्या.