कावळे ओरडले की वर बघ

"सर, हंसना नहीं है, विदेशवाली फोटो है," असं फोटोग्राफर मला पुन्हा पुन्हा बजावत होता. जबलपूरच्या गोरखपूर बाजारातल्या त्याच्या लहानशा स्टुडिओत पांढऱ्या पडद्यासमोर मी स्टुलावर ताठ बसलो होतो आणि हसू नका म्हटल्यामुळेच मला हसू येत होतं. आदल्या संध्याकाळी याच स्टुलावर नाना टेंबे बसून गेले होते. व्हिसाच्या फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, अशी ताकीदही मला देऊन गेले होते. खिशातला फोन वाजला तेव्हा वाटलं, कानांची आठवण करायलाच नानांनी लावला असेल. मी तो उचलला नाही. फोटो झाल्यावर पाहिलं तर काकूंचा, नानांच्या बायकोचा होता. काकू स्वतःहून कोणाला फोन लावत नाहीत. मी लगेच उलट लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "गजू, नाना उठून नाही राहिले रे..."

तो फोटो अजून माझ्या पाकिटात आहे. त्यातला माणूस हसू दाबून बसलेला आहे, आणि त्या सकाळी तो हसू दाबत होता हे आठवलं की मला त्याच्याकडे पाहवत नाही. नानांचा फोटो मात्र मोठा करून घेतला. घाईत दुसरा कुठला चांगला सापडला नाही. आता टेंब्यांच्या बैठकीत हार घातलेले नाना स्पेनच्या वकिलातीसाठी गंभीर होऊन बसले आहेत, दोन्ही कान व्यवस्थित दिसत आहेत.

मी शहपुऱ्याचा. वडील तिथल्या तेलघाण्यावर कामाला होते. घरात मराठी बोलायचो, पण शाळा हिंदी. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. जबलपूरला आलो आणि नानांच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच सकाळी तयार होऊन ओट्यावर बसलो, तो उठवेचना. रस्त्यावरून जाणाऱ्या मुलांचे बूट पाहत राहिलो. फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसातली ड्यूटी गाठायला नाना बाहेर पडत होते. त्यांनी विचारलं, "काहून बसला रे?" "चलो, बैठो," म्हणत त्यांनी स्कूटर सुरू केली आणि कॉलेजच्या फाटकात नेऊन सोडलं. आत सोडायला मात्र आले नाहीत. आज मी एका शाळेत भूगोल शिकवतो. मराठी वाचायला-लिहायला मला नानांनीच शिकवलं, म्हणून हा लेखसुद्धा लिहू शकतो आहे. उपकार हा शब्द त्यांना आवडायचा नाही. म्हणायचे, "उपकार म्हणू नको. भाडं देत होतास ना?"

सुट्टीच्या सकाळी ते मला रिछाईच्या पलीकडच्या माळावर न्यायचे. कारखान्यांच्या पत्र्यांवर घारी बसलेल्या असायच्या. गळ्यातली जुनी दुर्बीण ते सहसा कोणाला देत नसत, पण मला देत. पक्षी ओळखायला त्यांनी मला पुस्तकातून शिकवलं नाही. त्यांचा पहिला धडा होता कावळ्यांचा. कावळे एखाद्या झाडाभोवती गोळा होऊन गळा काढून ओरडायला लागले, की त्या झाडात शिकारी पक्षी बसलेला आहे असं समजायचं. ते त्याला हाकलत असतात. "आपण शोधू नये. त्यांचं काम चालू आहे, आपण फक्त वर बघायचं." हे इतकं अंगात भिनलं की वर्गात शिकवताना बाहेर कावळे ओरडले तरी माझी मान वर जाते आणि मुलं हसतात.

गिधाडांचा विषय नाना फार काढत नसत. त्यांच्या लहानपणी भेडाघाटच्या कड्यांवर आणि गावाबाहेरच्या सावरीच्या झाडांवर गिधाडं इतकी असायची की कोणी मान वर करत नसे. मग गुरांना दिल्या जाणाऱ्या दुखण्याच्या औषधाने, मेलेली गुरं खाऊन, ती मरत गेली. एकदा माळावरून परतताना नाना म्हणाले होते, "आकाश रिकामं होत होतं आणि मी खाली मान घालून पुर्ज्यांची ड्रॉइंग काढत होतो. दुर्बीण गळ्यात असून मला कळलं नाही, गजू. लाज वाटते." उरलेली पाहायला ते पन्न्याच्या कड्यांवर जाऊन आले. दिसली, पण नानांना तशी पाहायची नव्हती. लहानपणीसारखं डोक्यावरचं आकाश गिधाडांनी भरून जाताना पाहायचं होतं. मग कधीतरी त्यांनी वाचलं की स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफा नावाच्या गावी, शेकडो गिधाडं आफ्रिकेत जायला जमतात. समोर जिब्राल्टरची सामुद्रधुनी, पलीकडचा डोंगर नुसत्या डोळ्यांना दिसतो. पण समुद्रावर त्यांना वर उचलणारी गरम हवा नसते. म्हणून ती काठावर घिरट्या घालतात, थोडी पुढे जातात, घाबरून परततात, वाऱ्याची वाट पाहतात. मी वर्गात ही सामुद्रधुनी नकाशावर दरवर्षी दाखवतो, पण तिच्या काठावर कोणी घाबरत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नाना म्हणाले, "तू बसला होतास ना ओट्यावर, तशीच बसून राहतात."

त्या संध्याकाळपासून आमची तयारी सुरू झाली. बैठकीतल्या दिवाणावर माझा शाळेचा ॲटलास उघडा असायचा. नाना फोनवरून स्पॅनिश शिकू लागले आणि दूधवाल्याला दारात थांबवून विचारू लागले, "दोंदे एस्तान लोस बुईत्रेस?" गिधाडं कुठे आहेत? दूधवाला म्हणायचा, "बाबूजी, आज तो पानी भी नहीं मिलाया." काकूंची काळजी वेगळी. तिथे सगळ्यात डुकराचं मांस घालतात असं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं, म्हणून मेतकूट आणि भाजणी किती न्यायची यावर त्यांचं आणि नानांचं रोज वाजायचं. खरी अडचण पुढे निघाली. ऑगस्टमध्ये तिथून घारी जातात, सप्टेंबरमध्ये गरुड, आणि गिधाडं जातात ती ऑक्टोबर सरताना. म्हणजे नेमकी दिवाळी. नानांनी काकूंचाही पासपोर्ट काढला होता. काकूंनी तो कपाटात टाकला आणि सांगितलं, "ऐन दिवाळीत घराला कुलूप लावून गिधाडं पाहायला? मी नाही येणार. लोक काय म्हणतील ते सोडा, मलाच कसंतरी होतं." नानांनी फार आग्रह केला नाही. गिधाडांना सांगून तारीख बदलता येत नाही, एवढंच म्हणाले. मग आम्ही दोघांनीच जायचं ठरलं.

आता नानांच्या दहाव्या दिवसाकडे येतो. ग्वारीघाटावर ऊन आत्ताच चटके देत होतं. नानांचा मुलगा आशुतोष बंगळूरहून आला होता, त्याने पिंड मांडला, आणि आम्ही सगळे मागे सरकून कावळ्याची वाट पाहू लागलो. कावळा येईना. गेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून घरचे एकेक वचन देऊ लागले. आशुतोष म्हणाला, आईला एकटं ठेवणार नाही. सून म्हणाली, मुलांना मराठी शिकवू. नानांचे मेहुणे म्हणाले, घर विकू देणार नाही. नर्मदेच्या वाऱ्याने पिंडावरचे तीळ हलत होते, बस. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करून शिववण्याची गोष्ट काढली. आशुतोष रडवेला झाला. काकू माझ्याकडे पाहत होत्या.

नानांच्या मनात काय राहिलं होतं हे मला माहीत होतं. पण ते तिथे कसं म्हणणार? मुलगा आईचं बोलतो आहे आणि जुना भाडेकरू उठून म्हणणार, मी परदेशी जाऊन येईन... मान खाली घालून उभा होतो. तेवढ्यात कानावर आलं. घाटाच्या पलीकडच्या मोठ्या चिंचेतून कावळ्यांचा एकच कल्ला चालला होता, बहुधा बऱ्याच वेळापासून. मान आपोआप वर गेली. चिंचेच्या शेंड्याला मोरघार बसली होती, डोक्यावरचा तुरा वाऱ्याने हलत होता. घाटावरचे सगळे कावळे तिला हाकलायला तिथे जमले होते. पिंडाकडे बघायला त्यांना सवड नव्हती. मी पाहत असतानाच ती उठली, पंख पसरले आणि नदीच्या प्रवाहाबरोबर खाली निघून गेली. कावळे थोडं अंतर मागे गेले आणि वळले. आता ते येणार, भुकेले येणार, हे मला कळलं. आणि त्याच वेळी मी हात जोडून मोठ्याने बोललो, "नाना, यंदा दिवाळीला मी स्पेनला जाऊन गिधाडं पाहून येईन."

पहिला कावळा पिंडावर उतरला. मग आणखी. आशुतोषने माझे दोन्ही हात धरले. गुरुजीसुद्धा म्हणाले, "बघा, मनातलं बोलला कोणीतरी."

त्यानंतरचे हे आठवडे मी फार लाजेत काढले आहेत. मी ते मनापासून बोललो, की कावळा येणार हे पाहून बोललो, हे मला आजही सांगता येत नाही. आशुतोष आधी बोलला, तो खरं बोलला, आणि मान मला मिळाला... तोही नानांनीच शिकवलेल्या गोष्टीच्या जोरावर. काकूंच्या भजनाच्या बायकांना ही हकिगत पाठ झाली आहे. शाळेत एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, हमारे बाबूजी की बरसी है, आप आ जाइएगा?" वडिलांच्या वर्षश्राद्धाला मला बोलावताना तो थट्टा करत होता की नाही हेही मला समजलं नाही. तेराव्यानंतर काकूंनी नानांची दुर्बीण माझ्या हातात ठेवली. तिच्या उजव्या भिंगाशी एक चकती असते, ती ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे फिरवून बसवायची. नानांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यांनी बसवलेल्या त्या चकतीमुळे मला उजवीकडचं सगळं धूसर दिसायचं. मी ती फिरवली नाही. आपला तेवढा हक्क नाही असं वाटत राहिलं.

शेवटी माझी बायको मनीषा म्हणाली, "काकूंना खरं सांगून टाका. नाहीतर हे जेवण तरी नीट करा." म्हणून गेल्या रविवारी दुर्बीण परत करायला गेलो. काकू मागच्या अंगणात चिंच फोडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोरघार, कावळे, मी कधी बोललो ते. त्यांनी चिंचोके वाटीत टाकले आणि म्हणाल्या, "मला दिसली होती."

"काय?"

"मोरघार. अरे, ह्यांच्याबरोबर जन्म काढला मी. कावळे ओरडून राहिले आणि माझी मान वर जाणार नाही काय? ती उडाली तेव्हा मी आशूला सांगणारच होते, थांब, आता येतील. पण आधी तुझ्याकडे पाहिलं."

"काहून?"

"कावळा तर येणारच होता. तू बोलतो की नाही, ते पाहायचं होतं मला."

त्या हात पुसत म्हणाल्या, "कावळ्याला फसवलं म्हणून तोंड लपवत फिरून राहिला काय? कावळ्याचं काय घेऊन बसला. मी ऐकलं ना ते." मग माझ्याकडे न पाहता, "आणि मी पण येते. पासपोर्ट आहे कपाटात."

"काकू, ऐन दिवाळी..."

"यंदा आपल्याकडे कुठली दिवाळी, गजू?"

ज्या एका गोष्टीमुळे नाना काकूंना नेऊ शकले नव्हते, ती त्यांच्या जाण्यानेच दूर झाली होती. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही. हे काकूंच्या लक्षात केव्हा आलं असेल... बहुधा घाटावरच. मी तिथे माझ्याच लाजेत बुडालो होतो, आणि माझ्यासमोर उभी असलेली ही बाई वर्षभराच्या रिकाम्या घराचा विचार करत होती. खरं सांगायचं तर आधीच्या लाजेपेक्षा ही लाज जास्त आहे, आणि ती काकूंना सांगूनही जाणारी नाही.

काकूंनी माझ्या हातातून दुर्बीण घेतली, पदराने भिंगं पुसली, डोळ्यांना लावली आणि काही न विचारता उजवीकडची चकती फिरवली. माझा हात पुढे झाला असावा, कारण त्या म्हणाल्या, "काय झालं? त्यांच्या मोतीबिंदूतून मी काहून पाहू?" दुर्बीण त्यांनी शेजाऱ्यांच्या टाकीवर धरली. म्हणाल्या, "हं. आता दिसतं. पण नुसती टाकीच आहे."

मी अंगणातल्या ओट्यावर बसलो. काकू पुन्हा चिंच फोडू लागल्या, दुर्बीण मांडीवर तशीच. व्हिसाला आता कुठे जायचं, भाजणी किती न्यायची, असं काहीबाही बोलत होतो. मधेच मागच्या गल्लीतल्या कडुनिंबात कावळ्यांनी गळा काढला. आम्ही दोघंही बोलायचं थांबलो आणि वर पाहिलं.