डोळे मिटून केलेलं भांडण

चर्चमध्ये कसले आलेत किस्से, असं माझे ऑफिसातले दोस्त म्हणतात. तिथं तर सगळे गुपचूप बसतात. अहो, गुपचूप बसतात म्हणूनच साचतात! आणि साचलेलं बघायची सोय फक्त मला आहे, कारण मी पेटी वाजवतो. पेटीवाला मंडळीकडे तोंड करून बसतो, आणि प्रार्थना संपली की लगेच सूर धरायचा असतो म्हणून त्यानं डोळे उघडे ठेवले तरी चालतात. बाकी सगळ्यांचे मिटलेले.

मेहकर तालुक्यातलं आमचं चर्च लहानसं, पत्र्याच्या छपराचं. नियम मात्र एक कडक आहे. कुणी प्रार्थना करत असेल तर मध्ये बोलायचं नाही. नवरा असो, सासरा असो, खुद्द उपासना चालवणारे पाळक साहेब असोत, कुणालाही अडवता येत नाही. त्यामुळे बाहेर जे बोलायची सोय नाही ते सगळं लोक आत येऊन देवाच्या नावावर खपवतात. अशाच एका भांडणापायी एक लग्न मोडायला आलं होतं, ते शेवटी सांगतो.

*

मार्थाकाकू या कलेतल्या वस्ताद. शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. काकूंची पाळी आली की आम्ही मांडी बदलून नीट बसतो. "हे प्रभू, तुले तर माहीतच आहे, कोपऱ्यावरच्या घरी पाव्हणे पोरगी पाहून गेले अन् नाई म्हणून निरोप आला." कोपऱ्यावरचं घर तिथंच डोळे मिटून बसलेलं असतं. देवाला जर माहीतच आहे तर काकू सांगतात कुणाला, असा प्रश्न एकदा पाळक साहेबांना पडला होता. तेव्हा ते नवीन होते.

*

काकूंचे दीर म्हणजे दाविदबापू. चर्चच्या कमिटीतले वडील, म्हणजे मानकरी, आणि काकूंच्या भिंतीला भिंत लागून घर. काकूंचे यजमान वारले त्यानंतर बापूंनी ट्रॅक्टरच्या शेडसाठी दोन्ही घरांपुढचा कडुनिंब तोडला. तो कडुनिंब काकूंच्या यजमानांनी लावलेला. बापूंनी विचारलं नाही, आणि लाकडाचं काय केलं ते काकूंनीही विचारलं नाही. लाकूड डोणगावच्या वखारीत विकून खाल्लं, असं त्यांचं ठाम मत. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणजे डोळे उघडे असताना बंद.

पुढच्याच शुक्रवारी काकूंनी सुरुवात केली. "प्रभू, ज्यानं निंब तोडला त्याले माफ कर. पण घाई करू नोको."

बापूंनी आपली पाळी येईपर्यंत दम धरला. मग म्हणाले, "प्रभू, विधवाहिची काळजी घे. त्याहिच्या जिभेची जास्त घे."

सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. कुणाच्या बाजूनं म्हटलं ते देव जाणे.

*

पाळक साहेब पुण्याकडचे. भाषा शुद्ध, स्वभाव गरीब. त्यांनी क्षमेवर एक लांबलचक उपदेश केला. काकू आणि बापू दोघंही प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. उपासना संपल्यावर दोघांनीही साहेबांना वेगवेगळं गाठून सांगितलं की आज चांगलं झापलंत, लागलं असेल तर सुधारेल.

साहेब हताश झाले आणि त्यांनी फतवा काढला. प्रार्थना प्रत्येकी दोनच मिनिटं.

काकूंनी ऐकलं. शुक्रवारी दोन मिनिटं झाल्यावर साहेब खाकरले, तशा काकू म्हणाल्या, "प्रभू, पाळक साहेबाचा टाइम संपला. राह्यलेलं तुले माहीत आहे. तरी सांगू दे."

फतवा तिथंच मेला.

*

गुड फ्रायडेला आमच्याकडे येशूनं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार, "हे बापा, त्यांची क्षमा कर," हा कित्येक वर्षांपासून बापूंचा राखीव. दुसऱ्या कुणी मागितला तर रागावतात. एप्रिलचं ऊन, वर पत्रा तापलेला, आणि बापू क्षमेवर असे बोलले की पुढच्या बाकावरच्या बाया रडल्या. मीही जरा विरघळलो.

मग बापू बाहेर आले. दारात त्यांची एक चप्पल काकूंच्या चपलेवर चढून बसली होती. बापूंनी ती पायाच्या अंगठ्यानं खाली ओढली, रुमालानं तळापासून पुसली आणि मग पायात घातली.

*

एकदा बापूंचं अकोल्याला ऑपरेशन झालं. त्या शुक्रवारी काकूंनी बातम्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "प्रभू, त्याले धडधाकट घरी आण. माहं बोलणं बाकी आहे." मला खरंच भरून आलं. पेटीचा सूर धरायला उशीर झाला.

बापू बरे होऊन आले आणि त्यांनी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवानं कसं तारलं ते सांगितलं. डॉक्टरचे आभार मानले, नर्सचे मानले, गाडीच्या ड्रायव्हरचे मानले, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचेसुद्धा मानले. काकूंचं नाव नाही. काकू सगळी साक्ष खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या.

*

आणि अशात काकूंच्या अमोलचं चिखलीच्या मुलीशी जमलं. मुलीच्या वडिलांनी एकच गोष्ट सांगितली. मुलाचा बाप नाही, तर चुलता मांडवात उभा पाहिजे, नाहीतर आम्हाला विचार करावा लागेल. अमोल रडकुंडीला आला. आईला म्हणाला, काकांना बोलाव. काकू म्हणाल्या, बोलणं कुठाय आमचं. तो बापूंकडे गेला, तर बापू म्हणाले, तुझ्या आईनं बोलावलं की येतो.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात आणि कुणाची हरकत आहे का विचारतात. पहिल्या रविवारी बापू नुसते खोकले, तर निम्मं चर्च मागं वळलं. दुसऱ्या रविवारी ते आलेच नाहीत. चिखलीहून फोन आला की तुमचं काय ते पुढच्या रविवारपर्यंत कळवा.

तिसऱ्या रविवारी साहेबांनी नावं वाचली आणि विचारलं, "कोणाची हरकत असल्यास आताच सांगावी."

बापू उभे राहिले.

अमोलनं मान खाली घातली. काकूंनी पदर मुठीत धरला. मला वाटलं, गेलं लग्न.

बापू म्हणाले, "प्रार्थना करू या."

सवयीनं सगळ्यांचे डोळे मिटले. माझे उघडे. बापूंनी काकूंच्या बाकाकडे तोंड केलं आणि डोळे घट्ट मिटले.

"प्रभू, माह्या वहिनीले सांग. दादाचा निंब म्या इकला नाई. त्याचा पलंग करून ठेवला, पोराच्या लग्नासाठी. कवा पाठवू, तेवढं इचारून सांगजो."

आमेन काही आलं नाही. बापू तसेच उभे. मग बायकांच्या बाकावरून, डोळे मिटलेलेच ठेवून, काकू उठल्या.

"प्रभू, भाऊजीले सांग, पाठवू नोका म्हणाव. सोता घेऊन या."

आता आमेन कुणी म्हणायचं, तेच पाळक साहेबांना कळेना.