मामी म्हणे, मीच लावली

आग झोळीकडे पळून राह्यली होती अन् मी उलट्या बाजूले पळून राह्यली होती.

काऊन, ते मले अजून समजत नाई. माही पोरगी नऊ महिन्याची. टेंभुर्णीच्या फांदीले लुगड्याची झोळी बांधून तिले निजवली होती, आमच्या मोहाच्या झाडापासून पंधरा-वीस पावलांवर. अन् मी धावली घरून आनलेल्या पान्याच्या डबकीकडे. डबकीत पानी किती, त दोन घोट! ते घेऊन मागं वळली त नुसता धूर. झोळीच दिसेना.

धुरातून मामी आली. सासूले मी मामी म्हणते. कडेवर पोरगी, तोंडाले काजळी लागलेली, खोकलून-खोकलून लाल झालेली. मामीच्या लुगड्याचा काठ जळला होता. तिनं पोरगी माह्या अंगावर टाकली, एक हिरवी फांदी मोडली अन् परत आगीत गेली.

आग मीच लावली होती, माह्या हातानं, माह्या माचिसनं.

आमच्याकडे मोहफुलं पडाच्या आधी झाडाखालचा पाला जाळतेत. भुई काळी साफ झाली का पिवळी फुलं पटपट दिसतेत, वेचाले सोपं जाते. सगळेच करत. मामी बी करे, पन तिची रीत होती. पहाटे, वारं उठाच्या आधी. पयले झाडाभोवती गोल झाडून घ्यायचं, पाला आत लोटायचा, मंगच काडी लावायची. त्या दिवशी पोरीनं रात्रभर निजू दिलं नाई, मले उठाले उशीर झाला. मामी आमच्या दुसऱ्या झाडाकडे गेली होती. मी दुपारी पोचली. गोल झाडला नाई. म्हटलं, एवढंसं त जाळायचं आहे.

आग नाल्यापाशी जाऊन थांबली. गावातल्या बायामाणसांनी झोडपून थांबवली. शेजारनीचं मोहाचं कवळं झाड जळलं. तिनं ते लेकरासारखं राखलं होतं.

दुसऱ्या दिवशी गार्डबाई आली. जंगलखात्याची पोरगी, माह्याहून चार-पाच वर्सांनी मोठी असन. हीच बाई महिनाभर आधी हिरवी जाळी घेऊन आली होती. म्हणे, झाडाखाली जाळी बांधा, फुलं वरच्या वर झेला, जाळायची गरजच नाई. आम्ही किती हासलो होतो! एक बाई म्हणे, "मोहाले आता मच्छरदानी लावाची काय वो?" सगळ्याइत मोठ्यानं मामीच हासली होती. म्हणे, "बाई, फूल पयले भुईले लागते, मंग आपल्या हाती येते. अधरच झेललं त भुईनं काय खायाचं?"

आता गार्डबाई समाजमंदिरात बसली. सगळं गाव जमलं. तिनं विचारलं, "आग कोनं लावली? मी कोनाले मारत नाई, फक्त सांगा." मी पोरीले पदराखाली घेऊन मागं बसली होती. शेजारीन एकेकीच्या तोंडाकडे पाहे.

मामी उठली. "मीच लावली," म्हणे.

एक म्हातारी बोलली, "तू? दुपारची? इतक्या वर्साची बाई तू, वाऱ्यात काडी लावली?"

"लावली ना."

"म्हातारी झाली वो तू. अक्कल गेली चुलीत."

"गेली खरी," मामी म्हणे. "माही नात जळत होती. अजून काय पाह्यजे?"

जिच्या हातून आजवर एक पान वाया जळलं नाई, ती बाई सगळ्या गावासमोर खाली मान घालून उभी होती. माह्यासाठी. मी पोरीची टाळू हुंगत बसली.

घरी आल्यावर मामीनं पेटी उघडली. चार लुगडे काढले. त्यातलं एक जांभळं, वडसा गावाले नाटक पाह्याले नेसून जाये ते. मले म्हणे, "सुई आन." जाळी घ्याले गार्डबाईकडे जात काऊन नाई, असं मी विचारलं. "तिच्यावर हासली ना मी," म्हणे. "कोनत्या तोंडानं मागू?" दोघी मिळून दोन दिवस शिवत बसलो. त्या दोन दिवसात मी तिले दहादा म्हणाले गेली, मामी, तुम्ही असं काऊन केलं. दहाही बारी तिनंच दुसरी गोष्ट काढली. टाका बारीक घाल, म्हणे. कोपरा दुमडून घे, म्हणे.

चार खुटं रोवून ते शिवलेलं झाडाखाली बांधलं. एका बाजूले मात्र हातभर भुई उघडी ठेवली. "हे भुईचं," मामी म्हणे. "तिचं तिले पडू दे."

अन् मंग ती सकाळ. अजून तांबडंच फुटत होतं. आम्ही झाडाखाली उभ्या अन् फुलं पडून राह्यली टप, टप, टप, जांभळ्यावर, हिरव्यावर. एकाही फुलाले माती नाई, राख नाई. ओली, मोत्यावानी. लहानपनापासून मोहा वेचते मी, पन फूल पडताना कधी पाह्यलंच नोहोतं. मान सदा खाली. त्या दिवशी मान वर करून पाह्यलं. केवढं मोठं झाड हे माय! मामी बी वर पाहे. हातभर उघड्या भुईवर पडलेलं पयलं फूल तिनं उचललं नाई, नुसते हात जोडले.

पयले शेजारीन आली. दुरूनच पाह्यलं, गेली. दुसऱ्या दिवशी बगलेत दोन जुने लुगडे घेऊन आली, म्हणे, "कोपरा कसा दुमडला, दाखव." कवळ्या झाडाचं एक अक्षर काढलं नाई. तिच्या मागं ती मच्छरदानीवाली आली. हप्ताभरात गावाशेजारचं जंगल असं दिसे जसं सगळ्याइनं लुगडे वाळू घातले.

हे पाह्यलं तवापासून गार्डबाई मामीले दुसऱ्या गावाइले घेऊन जाते. तिथल्या बाया बी पयले हासतेत. गार्डबाई चित्रं दाखवते, समजावून सांगते, त्या जांभया देतेत. मंग मामी उठते. "मी लावली होती आग," म्हणते. "माही नात झोळीत होती." अन् बाया हासाच्या थांबतेत. मी हे पाच गावात पाह्यलं. कोनाच्या भाषणानं हालत नाईत त्या बाया, मामीच्या एवढ्याशा बोलण्यानं पदर तोंडाशी धरतेत. पोरगी माह्या मांडीवर असते. आता ती टाळ्या वाजवते.

अन् मी गप. मी खरं बोलली त मामी खोटी ठरन. मंग त्या बाया म्हणतीन, ही म्हातारी गावोगाव थापा मारत फिरते, अन् उद्या परत काडी लावतीन. नाई बोलली त तिची मान माह्यासाठी अजून किती गावात खाली घालू?

काल मामीचा घसा बसला. चुलीपाशी बसून मले म्हणे, "येत्या सभेत तू बोल. तू त तिथंच होती."

"काय बोलू मामी?"

तिनं माह्याकडे पाह्यलं. "जे झालं ते," म्हणे, अन् भाकर उलटली.

आठवीत शाळा सुटली माही. इतकं मोठं मी कधी लिहिलं नाई. मामीले वाचता येत नाई म्हणून लिहून राह्यली. पन सभेत त ती समोरच बसन, नातीले मांडीवर घेऊन. बायाइनो, त्या दिवशी समाजमंदिरात माह्या जागी तुम्ही असत्या, पदराखाली लेकरू, अन् समोर तुमची सासू "मीच लावली" म्हणून उभी, त तुम्ही काय केलं असतं?