हाफटाइमनंतरचा गडी

तेव्हा नागपूर राजधानी होतं आणि आम्ही वर्धेकर मध्यप्रदेशात होतो. दरवर्षी थंडीत गावात फुटबॉलचे सामने व्हायचे आणि शेवटी वर्षातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूला चांदीचा कप मिळायचा. तो कुणाला द्यायचा हे पेपरवाले ठरवायचे. पेपरवाले म्हणजे कोण, तर मी शाळामास्तर, एक वकिलाचा कारकून, एक औषधाच्या दुकानाचा मालक, एक विम्याचा एजंट आणि सगळ्यांत ज्येष्ठ, ज्यांना आम्ही काका म्हणायचो. नागपूरच्या पेपरांना बातम्या धाडायच्या आणि छापून आल्या की कात्रणं वहीत डकवायची, एवढीच आमची कमाई. पण रुबाब विचारू नका. मैदानावर आमच्यासाठी वेगळा बाक टाकलेला असे.

आता खरं सांगून टाकतो. त्या बाकावर बसून आम्ही सामना अर्धाच पाहायचो. सामना चारला सुरू होई आणि नागपूरकडे जाणारी गाडी पाचच्या सुमारास असे. तिच्या गार्डाच्या हातात पाकीट पडलं तरच बातमी दुसऱ्या दिवशीच्या अंकात. म्हणून हाफटाइमची शिट्टी झाली की आमच्या पाचही सायकली स्टेशनाकडे. मग परत येऊन कोण जिंकलं ते कुणाला तरी विचारायचं आणि निकालाची तेवढी तार करायची. पेपरात पहिल्या अर्ध्या खेळाचं रसभरीत वर्णन आणि खाली एक ओळ निकालाची. बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी.

कपाचं नावही आम्ही फायनलच्या दिवशी प्लॅटफॉर्मवरच ठरवायचो, म्हणजे तेही त्याच पाकिटातून जाई. फायनलचा अर्धा खेळ तिकडे बाकी असायचा, पण त्याचं आम्हाला काही वाटत नसे. काकांचा नियम एकच होता, डोळ्यांनी पाहिलं त्यालाच मत. आणि मी कॉलेजात फुटबॉल खेळलेलो, म्हणून मी म्हणेन त्या नावाला बाकीचे चौघे मान डोलवायचे.

त्या वर्षी फायनलच्या आदल्या रविवारी एक जण माझ्या दारात येऊन उभा राहिला. बावीस-तेवीस वर्षांचा, अनवाणी, पिपरीकडचा. घरी गोंडी बोलणारे लोक, हा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला.

"मास्तर, तुमी माहा खेळ पाह्यला का कदी?"

कुठल्या टीमचा, मी विचारलं. त्याने सांगितलं. फायनलला पोचलेली ती टीम मी तीनदा पाहिली होती, ह्याला एकदाही नाही. तसं म्हटलं तर तो हसला.

"कसे पाहान? मले साडेचारच्या भोंग्याबिगर सोडत नाई. तवरोक आमची टीम दहा जणांवर खेळून राह्यते. मी हाफटाइमले येतो, अन् तुमी हाफटाइमले जाता."

मला हसू आलं आणि लगेच कसंतरीच झालं. मग तो मुद्द्यावर आला. रेल्वेच्या एका साहेबाने त्याला सांगितलं होतं, कप घेऊन ये, आमच्या टीममध्ये घेतो, यार्डात कायमचं काम देतो. जिनिंग म्हणजे कापूस असेतो. कापूस संपला की हा मोकळा, मग उन्हाळाभर दुसऱ्याच्या वावरात. काम कायमचं नाही म्हणून ठरलेलं लग्न मोडलं होतं.

"साहेब म्हंते, पेपरात तं तुहं नावच नाई, मंग तू कायचा खेळाडू? एक दिस पुरा खेळ पाहा, मास्तर. मंग नाई आवडलो तं नोका देऊ."

मी शब्द दिला.

फायनलच्या दिवशी मला एका जागी बसवेना. शाळेत दोन वेळा चुकीच्या वर्गात शिरलो. घरी चहा मागितला आणि तसाच ठेवून निघालो. मैदानावर थांबलो तर त्याला पाहीन, पण प्लॅटफॉर्मवर त्याचं नाव घ्यायला कुणी नाही. स्टेशनावर गेलो तर नाव घेईन, पण पाहिलेलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिवाय मागे एकदा पाकीट चुकलं तेव्हा संपादकांचं असं खरमरीत कार्ड आलं होतं की आठवडाभर जेवण गेलं नव्हतं. पाकीट दुसऱ्याच्या हाती द्यावं, तर आमच्यातला एकही जण ते वाटेत फोडून माझी बातमी उचलल्याशिवाय राहिला नसता.

हाफटाइम झाला. तो पळतच आला, केसांत रुई अडकलेली. पहिल्यांदा त्याने आमच्या बाकाकडे पाहिलं. चौघे उठले होते, मी बसलेलो होतो. त्याने हात वर केला, मीही केला. मग तो पाणी प्यायला वळला आणि मी सायकल काढली.

गाडी उशिरा होती. जिवाची नुसती तगमग. मैदानाकडून ओरडा ऐकू आला, थोड्या वेळाने पुन्हा आला. गोल कुणाचा, कुणावर, काही कळेना. मी प्लॅटफॉर्मवर येरझारा घालत त्याचं नाव काढलं. दुकानवाला म्हणाला, "माह्याकडचे गिऱ्हाईकही त्याचंच नाव घेऊन राह्यले."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तू पाह्यला का त्याले? पाह्यला म्हन, आमी सारे तुह्या मागं."

एक शब्द पुरला असता. पण मी कोण, तर मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा. मी म्हणालो, "नाही."

"मंग कसं देता येईन?" काका म्हणाले, आणि कप कॉलेजच्या सेंटर फॉरवर्डला गेला. मीही त्यालाच मत दिलं. त्याला पाहिलेलं होतं ना.

परत आलो तेव्हा खेळ संपला होता. तीन-दोन, आणि तिन्ही गोल ह्याचे. तेवढं ऐकून मी तारेचा मजकूर लिहिला. काकांनी कपाचं नाव वाचलं तेव्हा लोकांत कुजबुज झाली. गर्दी पांगल्यावर तो माझ्याकडे आला. गुडघा फुटलेला, पण चेहऱ्यावर राग नव्हता.

"मास्तर, पाह्यलं नं पुरं?"

त्याच्या तोंडावर मला नाही म्हणवेना. "पाहिलं," मी म्हणालो. "शेवटपर्यंत."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "लोकायचं काय, ते बोलतेच. पण तुमी डोळ्यानं पाह्यलं, अन् तरी त्याले देल्लं. म्हंजे माह्यातच कमी हाय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. अरे बाबा, मी नव्हतोच इथे, असं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मी तारेचा कागद घेऊन चालू लागलो. आजही ते आठवलं की मला माझा संताप येतो.

पुढच्या थंडीत त्यांची टीम पहिल्या शिट्टीलाच अकरा जणांनी उतरली. हाफटाइम झाला तरी तो आला नाही. त्या दिवशी मी स्टेशनावर गेलो नाही, शेवटपर्यंत थांबलो, आणि मग त्यांच्या कॅप्टनला विचारलं.

"त्यानं खेळ सोडला," कॅप्टन म्हणाला. "आमी लय समजावलं. म्हने, मास्तरनं पुरं पाहून नापास केलं, मंग कायले पळू?" मग त्याने विचारलं, "रागावू नोका, पन तुमाले त्याच्यात कमी काय दिसलं होतं?"

काहीतरी बोलणं भाग होतं. "डावा पाय कच्चा वाटला," मी म्हणालो.

"मास्तर, ते तिन्ही गोल तं त्यानं डाव्यानंच मारलते."